गावठी-गिरिराजांत सिल्की सोडायच्या आहेत: पावसाळ्याआधी खुराड्यात काय बदल करावेत?

लालमाती (संगमेश्वर)

परसात सध्या ८ पक्षी आहेत. ४ गावठी कोंबड्या, १ गावठी कोंबडा, २ गिरिराज (वजनदार सुधारित जात) माद्या आणि १ गिरिराज नर. आता साडेतीन महिन्यांच्या ३ सिल्की (रेशमी पिसांची, लहान चणीची कोंबडीची जात) घेतोय. विकणारा सांगतो की एक नर आणि दोन माद्या आहेत.

खुराडं जांभ्याच्या चिऱ्यांच्या जोत्यावर आहे, ६ फूट बाय ४ फूट. वर पत्रा, तीन बाजूंना षट्कोनी जाळी, आत ३ फुटांवर बांबूच्या दोन आडव्या काठ्या. दिवसा पक्षी १५ बाय १० फुटांच्या कुंपणात असतात.

मे अर्धा सरला. आमच्याकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून धो धो सुरू होतं. सिल्की भिजल्या की दगावतात असं ऐकलंय. खुराड्यात नेमकं काय बदलू? मोठ्या पक्ष्यांत त्या टिकतील का? कोंबडे किती ठेवावेत? लसी कोणत्या?

---

पाचबोटी

आधी एक पीस हातात घ्या. गावठी कोंबडीचं गळलेलं पंखाचं पीस घेऊन त्याच्या पात्याला नखाने फट पाडा, मग चिमटीत धरून खालून वर हलकेच ओढा. फट मिटते. पिसाच्या धाग्यांना बारीक आकडे असतात, ते एकमेकांत अडकून पातं सलग होतं आणि पाणी त्यावरून ओघळून जातं. सिल्कीच्या पिसांना हे आकडे नसतात. म्हणून ती केसांसारखी मोकळी दिसतात, कापसासारखं पाणी पितात आणि ओली झाली की कातडीला चिकटून बसतात. त्याच कारणाने सिल्कीला उडता येत नाही. खुराड्यातले सगळे बदल या एका गोष्टीभोवती करायचे.

पत्रा आधी बघा. जाळीच्या बाहेर तो कमीत कमी दोन फूट यायला हवा. कोकणात पाऊस तिरपा मारतो, त्यामुळे पागोळी लांब असून भागत नाही. पावसाच्या तोंडाच्या दोन बाजूंना, म्हणजे बहुतेक ठिकाणी नैऋत्य आणि पश्चिमेला, झापांच्या झडी (विणलेल्या झावळ्यांचे आडोसे) बांधा किंवा जाड प्लास्टिक लावा. मात्र वरचे ९ ते १२ इंच उघडे सोडा. लोक इथेच चुकतात. पावसाच्या भीतीने खुराडं चहूबाजूंनी बंद केलं की विष्ठेचा अमोनिया आत कोंडतो. सकाळी दार उघडून कोंबड्यांच्या उंचीवर नाक न्या. डोळे चुरचुरले तर हवा कमी पडते आहे. भिजलेल्या कोंबडीइतकीच कोंडलेली कोंबडीही सर्दीने आजारी पडते.

जाळी बदला. षट्कोनी जाळीची तार नरम असते. सिल्की काठीवर न बसता जमिनीवर कोपऱ्यात एकमेकींना चिकटून झोपतात, बऱ्याचदा जाळीला टेकून. मांजर बाहेरूनच नखाने ओढतं. खालचे अडीच फूट तरी अर्ध्या इंचाची वेल्डमेश (सांधे जोडलेली ताठ तारेची जाळी) लावा आणि तळाशी एक फूट रुंद पट्टी बाहेरच्या बाजूला जमिनीत आडवी पुरा. मुंगूस आणि घूस भिंतीलगतच उकरायला सुरुवात करतात, तिथे त्यांना जाळी लागली पाहिजे.

तुमच्या खुराड्याचा आतला भाग २४ चौरस फूट. ११ पक्ष्यांना ते अपुरं आहे. पक्ष्यामागे ३ चौरस फूट धरा. लांबी दोन फुटांनी वाढवली तर ३२ होतात, त्यात १० पक्षी नीट मावतात. अकरावा का नाही, ते खाली सांगतो.

काठ्या तीन फुटांवरच राहू द्या, गावठींना उंची लागते. सिल्कींसाठी जमिनीपासून ६ ते ८ इंचांवर ४ इंच रुंदीची सपाट फळी ठेवा, पण काठ्यांच्या खाली नको. रात्रभर वरून विष्ठा पडते आणि सिल्कीच्या पिसांत ती गच्च बसते, झटकून जात नाही. वाढवलेला दोन फुटांचा भाग सिल्कींनाच द्या, मध्ये दीड फूट उंचीची फळ्यांची आडभिंत. पहिले आठ-दहा दिवस संध्याकाळी हाताने उचलून तिथे ठेवा, मग त्या आपण होऊन जातात.

आता कोंबडे. गिरिराज नर पूर्ण वाढला की तीन किलोंच्या वर जातो, सिल्कीची मादी किलोच्या आसपास. तो चढला की पाठीची कातडी फाटते. त्याहून वाईट म्हणजे तो मादीच्या डोक्याची पिसं चोचीत धरतो. सिल्कीच्या शेंडीखाली कवटीला फुगवटा असतो, आणि कित्येक पक्ष्यांत त्या जागी हाड पूर्ण जुळलेलंच नसतं. तिथे टोच बसली तर मेंदूला सूज येते. त्यामुळे गिरिराज नर बाहेर काढा, तोच अकरावा. गावठी कोंबडा हलका असेल तर चालेल, पण तो आणि सिल्कीचा नर असे दोघे, आणि माद्या आठच. एकमेकांवर धावून रक्त काढू लागले तर एकच ठेवा. सिल्कीचा नर ठेवणं बरं, तो हलका आणि स्वभावाने शांत असतो.

साडेतीन महिन्यांच्या सिल्कीत नर-मादी खात्रीने सांगता येत नाही, हेही धरून चाला. नराचा तुरा लवकर रुंद आणि गाठाळ होतो, शेंडीतून मागे लांब झुपके निघतात, पण पाचव्या-सहाव्या महिन्यात आरवेपर्यंत भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. "दोन माद्या" निघाल्या नाहीत तर बदलून मिळतील का, हे पैसे देण्याआधी ठरवा.

---

पशुवैद्य_कोकण

वरचं बांधकाम १० जूनपर्यंत पुरं होणार नसेल तर पक्षी आता आणू नका, दसऱ्यानंतर आणा. आणणार असाल तर पहिले ३० दिवस त्या जुन्या पक्ष्यांपासून निदान ४० फूट लांब, कोरड्या पडवीत ठेवा. भांडी वेगळी. दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना; नव्यांकडून जुन्यांकडे त्याच चपलांनी जायचं नाही.

विकणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न: मॅरेक्सची (पाय लुळे पाडणारा विषाणूचा रोग) लस पहिल्या दिवशी दिली होती का? सिल्की या रोगाला फार लवकर बळी पडतात. ही लस पिल्लू अंड्यातून निघाल्यावर लगेच द्यायची असते, साडेतीन महिन्यांच्या पक्ष्याला देऊन उपयोग नाही. उत्तर "नाही" असेल आणि दुसरीकडे लस दिलेले पक्षी मिळत असतील, तर तेच घ्या.

मानमोडी, म्हणजे राणीखेत. तिच्या दोन लसी, लासोटा आणि आरटूबी. लहानपणी लासोटा आणि आठव्या आठवड्यात आरटूबी झाली असेल तर उत्तम. काहीच झालं नसेल तर आधी लासोटाचा एक थेंब डोळ्यात, तीन आठवड्यांनी आरटूबी अर्धा मिली पंखाखाली कातडीत. सरळ आरटूबी देऊ नका, लस न झालेल्या पक्ष्याला ती जड जाते. अंड्यावर असलेल्या जुन्या कोंबड्यांनाही आरटूबी नको, अंडी पडायची थांबतात. त्यांना लासोटा पुन्हा द्या. लसीची कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची येते, त्यामुळे वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकाच सकाळी लसीकरण करावं. कुपी बर्फावर आणायची, उन्हात धरायची नाही, द्रव मिसळल्यावर दोन तासांच्या आत संपवायची. उरलेली दुसऱ्या दिवशी वापरली तर पक्ष्याला टोचल्याचा त्रास होतो आणि संरक्षण काहीच मिळत नाही.

कोंबड्यांच्या देवीची (फाउल पॉक्स) लस पाऊस सुरू होण्याआधी द्या, कारण ही देवी डासांमुळे पसरते. पंखाच्या पातळ पडद्यात सुई आरपार टोचतात. आठ-दहा दिवसांनी तिथे बारीक गाठ आली म्हणजे लस लागली. सिल्कीचा चेहरा आणि तुरा मुळातच काळसर असल्याने देवीच्या खपल्या लांबून दिसत नाहीत, म्हणून आठवड्यातून एकदा हातात घेऊन चोचीच्या कडा आणि पापण्या बघा.

आता एक महत्त्वाचं. सिल्कीची मान वळली की घरचे लगेच "मानमोडी आली" म्हणतात. नेहमी तसं नसतं. मानमोडीत बहुतेक वेळा एकाहून जास्त पक्षी आजारी पडतात, हिरवट हगवण आणि घरघर असते. मॅरेक्समध्ये पाय लुळा पडतो, एक पुढे आणि एक मागे ताणून पक्षी पडून राहतो. एकच सिल्की, खातेपिते आहे, श्वास ठीक आहे, पण मान उलटी किंवा पोटाखाली जाते आणि ती मागे मागे सरकते, तर डोक्याला मार किंवा ई आणि बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता असण्याची शक्यता जास्त. तरीही तिला लगेच वेगळं करा आणि दवाखान्यात दाखवा. तोवर खोक्यात गुंडाळलेल्या फडक्यांचा आधार देऊन बसवा, ४०० युनिटची ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल सुईने फोडून तिच्यातलं तेल, रोज एक, सोबत बी-कॉम्प्लेक्सचे थेंब. चोचीच्या कडेला थेंब सोडायचा आणि तिला गिळू द्यायचं. तोंड उघडून ओतलं तर औषध श्वासनळीत जातं. सुधारायला दोन-तीन आठवडे लागतात, चार दिवसांत आशा सोडू नका.

याला जोडून: पावसात रक्ती हगवण आली तर २० टक्क्यांची अँप्रोलियम भुकटी लिटरला सव्वा ग्रॅम, ५ दिवस, दुसरं पाणी ठेवायचं नाही. हे औषध बी-१ जीवनसत्त्वाचंच काम अडवून जंतू मारतं. त्यामुळे त्या ५ दिवसांत बी-कॉम्प्लेक्स बंद, आणि नंतर ३ दिवस द्यायचं. सिल्कीच्या बाबतीत हे विसरू नका.

दोन-तीन पक्षी अचानक एकाच दिवशी मेले तर चिरून बघू नका, पुरूनही टाकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. २००६ मध्ये देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ आपल्याच नवापूरला निघाली होती.

---

लालमाती

दोघांचे आभार. गिरिराज नर देऊन टाकतो. मेस्त्रीला उद्याच बोलावलंय. अजून तीन गोष्टी विचारतो. महिनाभराने एकत्र करताना रीत काय? सिल्की सतत खुडूक होतात (अंडी उबवायला बसतात) म्हणतात, त्याचा उपयोग करून घेता येईल का? आणि सिल्कीच्या नरापासून गावठीला पिल्लं झाली तर ती कशी होतील?

---

खुडूकघर (सावंतवाडी)

एकत्र करायची रीत. तुमची फळ्यांची आडभिंत पहिले दहा दिवस जाळी लावून छतापर्यंत बंद ठेवा, सगळे एकमेकांना बघतील पण टोचणार नाहीत. दिवसा सिल्कींना कुंपणातही कोपरा वेगळा. अकराव्या दिवशी सकाळी नको, संध्याकाळी दाणे टाकून झाल्यावर तासभर एकत्र सोडा. दाण्याची भांडी दोनच्या जागी तीन, एकमेकांपासून सहा फुटांवर. एक-दोन पाट्या भिंतीला तिरक्या टेकवून ठेवा, मागे लपायला जागा हवी. तिघी एकदमच सोडायच्या. एकटी सिल्की कळपात टिकत नाही.

थोडी टोचाटोची होणारच. पाठ-शेपटीवर टोचलं तर बघत राहा. डोक्यावर टोचलं किंवा रक्त दिसलं की लगेच बाजूला घ्या, कारण लाल रंग दिसला की बाकीच्याही तिथेच टोचतात.

सिल्कीवर हल्ला होण्याचं मोठं कारण म्हणजे शेंडी. डोळ्यांवर केस आलेली कोंबडी दुसरीचा पवित्रा बघूच शकत नाही, त्यामुळे बाजूला होत नाही आणि मार खाते. सोडण्याआधी बोथट टोकाच्या कात्रीने डोळ्यांभोवतीचे केस कापा, बाजूने बघितल्यावर बुबुळ पूर्ण दिसलं पाहिजे. मुळाशी निळसर नळी दिसत असेल तर ते पीस वाढतं आहे, त्यात रक्त असतं, ते सोडून द्या. पाण्याला निपल (चोचीने ढकलली की थेंब सोडणारी तोटी) लावा, नाहीतर उथळ भांड्यात शेंडी आणि गालाची पिसं दिवसभर ओली राहतात.

खुडूक होणं हा सिल्कीचा सर्वांत मोठा गुण आहे. वर्षाला साधारण शंभर अंडी देते, त्यापेक्षा जास्तीची आशा नको, पण दुसऱ्याची अंडी इतक्या निष्ठेने उबवणारी कोंबडी नाही. रवणीला (उबवायला) बसवताना अंगाखाली मावतील इतकीच अंडी: स्वतःची ८ ते ९, गावठीची ६ ते ७, गिरिराजची ४ ते ५. जास्त ठेवली की कडेची गार होतात आणि दुसऱ्या दिवशी तीच आत सरकून चांगली बाहेर येतात, असं सगळ्यांचंच नुकसान होतं. पेन्सिलीने प्रत्येक अंड्यावर फुली करा, कारण इतर कोंबड्या तिच्याखाली जाऊन अंडी घालतात. बिनफुलीचं रोज उचलायचं. सातव्या आणि चौदाव्या रात्री बॅटरीवर धरून बघा. सातव्या रात्री कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या पाहिजेत, स्वच्छ पिवळं दिसलं तर काढा. २१ दिवस तिला रोज एकदा उचलून दाणापाण्याजवळ ठेवा, काही सिल्की उठतच नाहीत आणि वाळतात.

पिल्लं निघायच्या दोन दिवस आधी तिच्या पोटाची आणि मांड्यांची लांब पिसं अर्धा इंच ठेवून कापून टाका. बारीक धागा पिल्लाच्या मानेला किंवा पायाला वेढा घालतो आणि आईच्या पोटाखालीच पिल्लू मरतं. सकाळी मेलेलं पिल्लू मिळालं की लोक थंडीला दोष देतात. मान बघा, केसाचा दोरा सापडतो.

वर्षात दोनदाच बसू द्या. तिसऱ्यांदा खुडूक झाली तर तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, जमिनीपासून फूटभर उंच, दाणापाण्यासह तीन-चार दिवस ठेवा. पोटाखालून वारा लागला की खुडूकपणा उतरतो. आपल्याकडे कोंबडीला पाण्यात बुचकळायची पद्धत आहे, ती सिल्कीला कधीही करू नका.

संकराचं. रेशमी पीस दोन्हीकडून यावं लागतं. सिल्की नर आणि गावठी मादीची पिल्लं साध्या पिसांचीच होतात, बहुतेकांना लहान शेंडी आणि पायाला पाच बोटं मात्र येतात. कातडीचा रंग मजेशीर येतो. गावठी मादीच्या नडग्या पिवळ्या किंवा पांढऱ्या असतील तर पिल्लांतल्या माद्या काळपट कातडीच्या होतात आणि नर बरेच फिके. काळा रंग अडवणारा गुण आईकडून फक्त मुलग्यांना जातो, म्हणून असं होतं. बेटसन आणि पनेट यांनी १९११ मध्ये सिल्कीवरच हे दाखवलं. अशा काळ्या तलंगा बाजारात कडकनाथ म्हणून विकल्या जातात. कडकनाथचं आणि सिल्कीचं काळेपण एकाच मुळाचं आहे हे खरं, पण झाबुआच्या कडकनाथला चारच बोटं असतात आणि शेंडी नसते. घेताना पायाची बोटं मोजा.

---

वऱ्हाडी_परसबाग (अकोला)

आमच्याकडे मेमध्ये ४४-४५ अंश. इकडे सिल्की ठेवाव्यात का?

---

पाचबोटी

ठेवता येतात, पाऊस कमी हा तुमचा फायदाच. दाट झाडाची सावली हवी, पत्र्यावर तुराट्यांचा जाड थर, आणि दुपारी १२ ते ५ उन्हाच्या बाजूला ओली गोणपाटं. पाणी गोणपाटावर मारा, पक्ष्यावर नको. माठातलं पाणी तीन वेळा बदला. दाणा सकाळी ७ च्या आत आणि सूर्य कलल्यावर. भर दुपारी खाल्लं की पचनाची उष्णता वाढते. चोच उघडी, पंख अंगापासून दूर, आणि उभी राहत नाही, अशी दिसली तर पाय घोट्यापर्यंत साध्या पाण्यात उभे करा, बर्फाचं नको.

---

दाणावैरण

खाद्याचं राहिलं. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं. ते कोंबड्याला, तलंगांना आणि खुडूक बसलेल्या सिल्कीला जास्त होतं, मूत्रपिंडावर ताण येतो. मिश्र कळपात सगळ्यांना एकच कमी कॅल्शियमचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. अंडी देणारी आपल्याला हवा तेवढा खाते.

१० किलोंचं प्रमाण: मका भरडा साडेपाच किलो, सोयाबीन पेंड १ किलो ८०० ग्रॅम, भाताचा बारीक कोंडा १ किलो ८०० ग्रॅम, माशाची कुटी अर्धा किलो, खनिज मिश्रण २०० ग्रॅम, शिंपल्याची भुकटी १५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. प्रथिनं १७ टक्क्यांच्या आसपास येतात. खारवलेल्या माशाची कुटी असेल तर मीठ घालू नका. तुमच्या १० पक्ष्यांना रोज सुमारे ८०० ते ९०० ग्रॅम लागेल, त्यात प्रत्येक सिल्कीच्या वाट्याचं ६० ते ७५ ग्रॅम. तांदळाची कणी, उरलेला भात हे दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

पावसाळ्यात शेंगदाणा पेंड अजिबात वापरू नका, आतून बुरशी धरते आणि तिचं विष यकृत खातं. मिश्रण दहा दिवसांपुरतंच करा, पत्र्याच्या डब्यात, डबा फळीवर. हात घातल्यावर डब्याच्या तळाशी ऊब किंवा कुबट वास लागला तर सगळं फेका. वरचं चांगलं म्हणून वेचू नका.

---

लालमाती

शेवटचं एक. खाली भाताचं तूस घालणार आहे. कधी बदलायचं ते कसं ओळखू? आणि इतकं करूनही एखादी भिजलीच तर?

---

पाचबोटी

तीन इंच जाड घाला आणि दर दोन दिवसांनी फावड्याने वरखाली करा. काठ्यांखालून एक आणि सिल्कींच्या कोपऱ्यातून एक अशी मूठ भरून घट्ट दाबा आणि हात उघडा. गोळा झाला आणि हलकेच फुटला तर तूस ठीक आहे. गोळा तसाच राहिला तर ओलं झालं. तेवढा भाग काढून नवीन घाला आणि खाली विझवलेल्या चुन्याची भुकटी भुरभुरा. गोळाच होत नसेल आणि धूळ उडत असेल तर फार कोरडं आहे, पण जुलैत तुम्हाला ती वेळ येणार नाही. पाण्याच्या भांड्याखाली रोजच ओलं होतं, म्हणून भांडं विटेवर आणि विटेखाली तुसाऐवजी खडी.

भिजलेली सिल्की आपण होऊन वाळेल म्हणून रात्री तशीच ठेवू नका. जुन्या सुती फडक्याने पिसं चोळू नका, दाबून दाबून पाणी टिपा. मग डालग्यात तूस घालून तिला ठेवा आणि १०० वॅटचा बल्ब दोन फुटांवर, डालग्याच्या एकाच बाजूला टांगा, गरम झालं तर तिला सरकता आलं पाहिजे. वरची पिसं आधी वाळतात आणि फुगून कोरडी दिसतात. पंखाखाली आणि पोटाशी बोटं घालून कातडीपर्यंत बघा. तिथे गार लागत असेल तर अजून तासभर राहू द्या.